‘हॉस्पिसमध्ये सेवेला जाऊ नका’ म्हणणाऱ्यांना

‘हॉस्पिसमध्ये सेवा करायला जाऊ नका. तिथे फक्त मरण बघायला मिळतं, डॉक्टर-नर्स सोडून कुणाचा उपयोग नसतो, आणि आपलंच मन खचतं.’ हा मजकूर पंधरा दिवसांत मला चार ग्रुपवर आला. हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांचा त्रास कमी करून त्यांची काळजी घेणारं केंद्र. मी सहा वर्षं दर शनिवारी अशा एका केंद्रात जाते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘फक्त मरण.’ अहो, वेदना आटोक्यात आणायला, चिघळलेल्या जखमेची काळजी घ्यायला, नळीतून भरवायचं कसं हे घरच्यांनी शिकायला माणसं येतात आणि कितीतरी जण घरी परततात. २०१० साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेले १५१ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी, मिळाली, ते इतरांपेक्षा साधारण पावणेतीन महिने जास्त जगले.

‘डॉक्टर-नर्स सोडून कुणाचा उपयोग नाही.’ हे मला सगळ्यात जास्त लागलं. केरळात १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेलं पॅलिएटिव्ह केअरचं काम गावोगाव पोहोचलं ते शेजारपाजारच्या साध्या माणसांमुळे. कुणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलंय हे त्यांनाच आधी कळतं. तेच प्रशिक्षण घेतात, घरी जातात, वर्गणीही गोळा करतात. २००८ मध्ये तिथल्या सरकारने यासाठी धोरणच आणलं.

आमच्याकडे एक आजी होत्या. औषधं वेळेवर मिळत होती, पण केसांत तेल घालून वेणी घालणारं कुणी नव्हतं. नर्सताईंना एवढी सवड कुठली? वेणी मी घालायचे. आजी आरसा मागायच्या, आणि मूड असला की जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. तशा ओव्या मी आमच्या घरात कधीच ऐकल्या नव्हत्या.

‘मन खचतं.’ खचतं, खरंय. पहिल्या वर्षी मी दोनदा बसथांब्यावर रडले. म्हणून तर प्रशिक्षणाशिवाय आत घेत नाहीत आणि समुपदेशकताई आम्हालाही बोलतं करतात. पण ‘सगळं ठीक होईल’ असं खोटं न बोलता एखाद्याजवळ नुसतं बसून राहायला मी तिथेच शिकले.

गेल्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्यायची, ओठ कोरडे पडले की ओला कापूस फिरवायचा, हे सगळं मला येत होतं. भाऊ दाराशीच थबकायचा, त्याला मी हाताला धरून आत आणलं. शेवटच्या आठवड्यात आईचीही वेणी मीच घालत होते.