कोण बघतंय?

आज सव्वासातला घरी आले. पाऊस नुसता कोसळतोय, रेनकोटमधून पाणी गळतंय, आणि बघते तर दार सताड उघडं, टीव्ही चालू, समोर कोणी नाही. पडद्यावर सिनेमा-सिरियलच्या ॲपची चार चित्रं आणि वर इंग्रजीत प्रश्न, कोण बघतंय? एक नवरा, एक मी, एक लेक आणि चौथं ‘किड्स’. आमच्याकडे किड्स म्हणावं असं कोणी नाही, लेक दहावीला आहे. पण चित्र आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंचं नाही.

त्या कुठे गेल्या म्हणून पलीकडच्या काकूंना फोन लावला, तर उचलला आईंनीच. म्हणाल्या, “ता इचारता कोण बघता, आणि थंय माजा नावच नाय. मगे मी हयसर इलंय.” काकूंकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे. एकदाच काय ती छत्री आणि बॉक्स घ्यायचा, मग महिन्याला पैसा नाही. रिमोटवर आकडे आहेत.

आकड्यांचं सांगते. केबलच्या रिमोटवर आईंना चार नंबर पाठ होते. चष्मा नसला तरी बोटाने मोजून दाबायच्या. ओकेच्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला होता, तो अर्धा झिजला इतका वापर. नव्या रिमोटवर आकडेच नाहीत! एक गोल चकती, आणि खाली कंपन्यांच्या जाहिराती असलेली बटणं. माइकमध्ये बोला म्हणे. आई मालवणीत बोलल्या, तर त्याने कसल्या तरी रेसिपीचा व्हिडिओ लावला. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले. आज ते आठवून कसंतरी होतंय.

केबल आम्ही मार्चमध्ये काढली. नवऱ्याचा हिशेब असा, की महिन्याचे ३५० वाचतील. आणि फायबरचं इंटरनेट किती, तर ५९९, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले ७०७. साडेतीनशे वाचवायला सातशे सात! लेकाच्या अभ्यासाला नेट लागतंच, मान्य. मॅच आता दोघं भांडण न करता बघतात, तेही मान्य. आणि हो, रात्री सगळे झोपल्यावर कानात हेडफोन घालून मीही बघते, कशाला खोटं बोलू?

पण बदलताना आईंना कोणी विचारलं? फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचा, म्हणजे केबल-फोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम आला होता, आठवतंय ना? १०० चॅनेलचे १३० रुपये आणि जीएसटी, बाकी पे चॅनेल ज्याचं त्याने निवडायचं. काय तो गोंधळ होता! तेव्हा आमचा केबलवाला यादी घेऊन पडवीत बसला होता, चहा घेत, एकेक नाव वाचत. “काकू, ह्या ठेवू? ह्या नको?” आईंनी तासभर लावला. दोन भक्तीची चॅनेलं काढली आणि सिनेमाचं एक ठेवलं. मी चकितच झाले होते. त्या परक्या माणसाने विचारलं, आणि आम्ही घरच्यांनी नाही.

नवरा म्हणतो, केबल तरी कुठे धड चालायची, २०२१ ला तौक्ते वादळानंतर किती दिवस बंद होती विसरलीस? अरे बाबा, तेव्हा खांब आडवे झाले होते, लाईटच नव्हती! आणि फायबर काय जमिनीखालून आलंय? त्याच खांबांवरून आलंय. माडाची झावळी पडली की तुटतं, मग माणूस कणकवलीहून येणार, ‘उद्या’.

मला जास्त लागलंय ते वेगळंच. १९८७ साली रामायण लागायचं तेव्हा वाडीतला एकमेव टीव्ही आमच्या घरी होता. मी नव्हते तेव्हा, पण आईंकडून शंभरदा ऐकलंय. ब्लॅक अँड व्हाइट, अँटेना बांबूवर, राम कमी आणि मुंग्या जास्त. रविवारी सकाळी खळ्यापर्यंत माणसं. आई सगळ्यांना चहा करायच्या, आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारातून उभ्याने बघायच्या. आता ही बाई सिरियल बघायला दुसऱ्याच्या घरी जाते. पावसात. गुडघे दुखत असताना. कुणाला एका शब्दाने न बोलता.

मघाशी त्यांचं प्रोफाइल करायला बसले. नाव टाकलं. चित्र निवडा म्हणतं, तर सगळे राक्षस, रोबो आणि गॉगलवाले प्राणी. एक मांजर त्यातल्या त्यात बरं वाटलं, ते टाकलंय. पण आत शिरल्यावर परत इंग्रजीच, आणि सिरियल चौथ्या रांगेत. मी घरी असेन तेव्हा लावून देईन, नसेन तेव्हा काय? पतसंस्थेतून मला सातच्या आत सुटका नाही.

केबलवाल्याला मेसेज टाकलाय. जुना बॉक्स माळ्यावर आहेच. नवरा आत्ताच वाचून गेला, “पैसे वर आले का?” म्हणाला. आले! तुझी पोळी बंद करून ते पैसे देईन!

साडेनऊ झाले. गडग्यापलीकडे बॅटरी हलतेय, काकूंचा कुत्रा भुंकतोय. आल्या वाटतं. जाते, पायरीवर शेवाळ आहे.