जुन्या अल्बम चार्टचा सोन्याचा काळ: यादी उघडून बघा

पाश्चात्त्य पॉप संगीताच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. पूर्वी अल्बम चार्टवर, म्हणजे दर आठवड्याच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत, पहिला नंबर मिळायचा तो दर्जामुळे, आणि दाखल्याला बीटल्स, पिंक फ्लॉइड, फ्लीटवुड मॅक. तेव्हा लोक पदरचे पैसे मोजून रेकॉर्ड घ्यायचे, म्हणून आकडे खरे असायचे. आता स्ट्रीमिंगमुळे सगळं खोटं झालंय. अल्बम एका आठवड्यात वर जातो आणि पुढच्या आठवड्यात गायब होतो. आजचं काहीही टिकणार नाही.

संगीतातलं कळणारी माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून लिहावंसं वाटलं. मी अमेरिकेचे आणि ब्रिटनचे अल्बम चार्ट वर्षावर्षाने ऐकत आलोय, जुने आणि चालू दोन्ही. पहिल्या नंबरावर जे असेल ते ऐकायचं, आवडो न आवडो. असं ओळीने ऐकलं की हा मजकूर यादीपुढे उभा राहत नाही.

पहिला मुद्दा दर्जाचा. बीटल्सचं १९६७ साल घेऊ. ‘सार्जंट पेपर’ अमेरिकेत १५ आठवडे पहिल्या नंबरावर होता, हे खरं. पण त्याच्या आधी तिथे कोण होतं? मंकीज. टीव्ही मालिकेसाठी निवडून एकत्र आणलेली चार पोरं. त्यांचे पहिले दोन अल्बम नोव्हेंबर १९६६ पासून जून १९६७ पर्यंत लागोपाठ ३१ आठवडे अमेरिकेत अव्वल होते, आणि त्या दोन्हींवरची बहुतेक वाद्यं भाड्याने बोलावलेल्या वादकांनी वाजवली होती. अमेरिकेचे चार्ट छापणाऱ्या ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या १९६७ च्या वार्षिक यादीत पहिला अल्बम मंकीजचाच आहे. गाणी चांगली आहेत, मला मनापासून आवडतात. पण ‘तेव्हा नुसता दर्जा चालायचा’ असं म्हणणाऱ्याने हे ३१ आठवडे कुठे ठेवायचे ते सांगावं.

पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ साली अमेरिकेत पहिल्या नंबरावर होता एक आठवडा. ब्रिटनमध्ये, स्वतःच्या देशात, तो तेव्हा दुसऱ्या नंबरापर्यंतच पोचला. ज्या अल्बमचं नाव पहिल्या नंबराचा पुरावा म्हणून घेतलं जातं, त्याची थोरवी पहिल्या नंबरावर ठरलेलीच नाही.

ब्रिटनच्या सत्तरच्या दशकातली यादी तर आवर्जून ऐकावी. १९७२ साली के-टेल कंपनीने टीव्हीवर जाहिराती करून विकलेले जुन्या गाण्यांचे संग्रह आठवडेच्या आठवडे वर होते. १९७६ साली अमेरिकन कंट्री गायक स्लिम व्हिटमन यांचा निवडक गाण्यांचा संग्रह सहा आठवडे पहिला. त्याच वर्षी बर्ट वीडन यांचा गिटारवरच्या लोकप्रिय चालींचा अल्बमही पहिला. वीडन यांच्या शिकवणीच्या पुस्तकावरून ब्रिटनमधल्या कितीतरी मुलांनी गिटार हातात धरली, त्यामुळे त्या माणसाबद्दल आदरच आहे. पण तो अल्बम वर गेला तो टीव्हीवरच्या जाहिरातींच्या जोरावर. त्याहून मागे जा. १९५९ च्या पूर्ण वर्षात ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर एकच अल्बम होता, ‘साउथ पॅसिफिक’ या चित्रपटाची गाणी. नोव्हेंबर १९५८ पासून सलग ७० आठवडे. आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला, गोऱ्या गायकांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करायची अशा एका टीव्ही कार्यक्रमाच्या गायकवृंदाचे, जॉर्ज मिचेल मिन्स्ट्रल्सचे, तीन अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेले. तेही याच सोन्याच्या काळात. उलट १९६७ सालचा वेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम, ज्याच्यावर पुढची कितीतरी बँड पोसली, तेव्हा अमेरिकेत १७१ व्या नंबराच्या वर सरकला नाही. नंतरच्या पिढ्यांनी वेचून ठेवलेलं तेवढं आपण ‘तेव्हाचं’ म्हणून मिरवतो आणि आजचं मात्र न वेचता, सगळंच्या सगळं, त्याच्यासमोर उभं करतो. ही तुलना मला अन्यायाची वाटते, आणि नव्या पोरांच्या कामावर तर फारच.

दुसरा मुद्दा: तेव्हाचे आकडे खरे. हा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तेव्हा बऱ्याचदा आकडेच नव्हते.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९६९ पासून पद्धत अशी होती: सुमारे ३०० दुकानांत विक्रीची वही ठेवलेली. रेकॉर्ड विकली की नोकराने तिचा क्रमांक वहीत लिहायचा, आठवड्याच्या शेवटी वही टपालाने पाठवायची. शनिवारी संध्याकाळी दुकान भरलेलं असताना किती नोंदी सुटत असतील याचा विचार करा. आणि जानेवारी १९७१ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला. वह्या पोचेनात. अल्बम चार्ट काही आठवडे निघालाच नाही. नेमका त्या काळात बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसन यांचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ धडाक्यात खपत होता. ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या स्वतःच्या यादीत तो आठ आठवडे पहिला होता, पण अधिकृत नोंदीत त्याची मजल चौथ्या नंबरापर्यंतच. ही चूक २००६ साली दुरुस्त झाली, हॅरिसन जाऊन जवळपास पाच वर्षं झाल्यावर. तोवर प्रत्येक संदर्भग्रंथात चौथा नंबरच छापला जात होता. याच १९७१ मध्ये स्वस्तातले अल्बमही चार्टमध्ये धरायचं ठरलं आणि गाजलेली गाणी भलत्याच, निनावी गायकांकडून गाऊन घेतलेले ‘टॉप ऑफ द पॉप्स’ मालिकेचे संग्रह पहिल्या नंबरावर गेले. नियम मागे घेतला, संग्रह गायब. ऐकणारे तेच होते, चवही तीच, फक्त कागदावरचा नियम बदलला.

अमेरिकेतही वेगळं नव्हतं. १९५९ ते १९६३ या काळात ‘बिलबोर्ड’ मोनो आणि स्टिरिओ रेकॉर्डींची वेगवेगळी यादी छापायचं, म्हणजे एका आठवड्याला दोन-दोन नंबर एक. पुढे कित्येक वर्षं दुकानांना विचारून क्रम लावला जायचा. या आठवड्यात काय जोरात आहे, असा प्रश्न. उत्तर काउंटरवरच्या माणसाच्या अंदाजाचं, त्याच्या आवडीचं आणि कधी रेकॉर्ड कंपनीच्या प्रतिनिधीने केलेल्या पाहुणचाराचंही. बिनाका गीतमाला ऐकत वाढलेल्यांना हे नवं वाटू नये. तिथेही दुकानांतला खप आणि श्रोता संघांची पत्रं यांच्या मेळातूनच पायदान ठरायचं, आणि म्हणून आपलं प्रेम कमी झालं नाही.

मग २५ मे १९९१ चा अंक आला. त्या आठवड्यापासून ‘बिलबोर्ड’ने अल्बमच्या यादीसाठी दुकानाच्या गल्ल्यावर स्कॅन होणाऱ्या बारकोडचे आकडे वापरायला सुरुवात केली. काही महिन्यांत यादीचं रूपच पालटलं. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या नंबरावर आला आणि पुढच्या आठवड्यात पहिला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्स यांचा कंट्री अल्बम थेट पहिल्या नंबरावर उतरला. कंट्री, रॅप, हेवी मेटल ऐकणारी माणसं एका रात्रीत वाढली नव्हती. ती आधीपासून पैसे मोजत होती, फक्त मोजणाऱ्यांना दिसत नव्हती. १९९१ पूर्वी थेट पहिल्या नंबरावर उतरलेले अल्बम सगळे मिळून सहा: एल्टन जॉन यांचे दोन, स्टीव्ही वंडर, ब्रूस स्प्रिंगस्टीन, व्हिटनी ह्यूस्टन आणि मायकेल जॅक्सन यांचा एकेक. नंतर ही रोजची गोष्ट झाली. ‘पूर्वी अल्बम हळूहळू चढायचे’ ही आठवण खोटी नाही, पण त्या चढण्यात मोजणीच्या ढिलाईचा वाटा मोठा होता.

तिसरा मुद्दा, स्ट्रीमिंगचं खोटेपण. इथे नियम तरी वाचा. ब्रिटनच्या यादीत २०१५ पासून स्ट्रीमिंग धरतात, पण अल्बममधली सर्वांत जास्त वाजलेली दोन गाणी बाकीच्या गाण्यांच्या सरासरीवर आणून मगच बेरीज होते, म्हणजे एका गाण्याच्या जिवावर अल्बम वर जाऊ नये. अमेरिकेत जुलै २०१८ पासून २०२५ अखेरपर्यंत सूत्र असं होतं, की पैसे भरणाऱ्या श्रोत्यांची १,२५० ऐकणी किंवा फुकट ऐकणाऱ्यांची ३,७५० म्हणजे एक अल्बम. सूत्रावर वाद घालता येतो, घालावाच. पण विक्रीच्या काळात एकदा घेऊन कपाटात पडलेली रेकॉर्ड आणि झिजेपर्यंत वाजवलेली रेकॉर्ड या दोघींची किंमत सारखीच होती. वारंवार ऐकण्याची दखल पहिल्यांदा घेतली जातेय ती आता, आणि मनापासून ऐकणाऱ्याला याचा आनंद व्हायला हवा.

आकडे फुगवणं मात्र खरं आहे, आणि ते मी नाकारत नाही. एकच अल्बम वेगवेगळ्या रंगांच्या रेकॉर्डींत, वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी विकायचा, आणि चाहत्यांनी तो पुन्हापुन्हा घ्यायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये टेलर स्विफ्टच्या अल्बमने अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ४० लाखांचा टप्पा ओलांडला, ॲडेलचा २०१५ चा विक्रम मोडला, त्यात अशा आवृत्त्यांचा हात होता. तरुण चाहत्यांच्या खिशाला लावलेली ही कात्री मला अजिबात पटत नाही. पण ही युक्ती स्ट्रीमिंगची नाही, ती विक्रीचीच आहे. २००४ साली गायक प्रिन्स यांनी मैफलीच्या प्रत्येक तिकिटासोबत सीडी दिली आणि त्या सीड्या चार्टमध्ये धरल्या गेल्या. त्यावरून नियम बदलावा लागला. २०११ मध्ये लेडी गागाचा अल्बम ॲमेझॉनवर ९९ सेंटला विकला गेला, मग किमान किंमत ठरवली गेली. आणि खरेपणाचाच विषय असेल तर १९८९ साली मिली व्हॅनिली नावाची जोडी अमेरिकेत पहिल्या नंबरावर होती. अल्बमवरचा आवाज त्यांचा नव्हता. त्यांचं ग्रॅमी पारितोषिक परत घेतलं गेलं, पहिल्या नंबराची नोंद आजही आहे.

चौथा मुद्दा, अल्बम आठवड्यात गायब होतात. काही होतात. पण ॲडेलचा ‘२१’ २०११-१२ मध्ये अमेरिकेत २४ आठवडे पहिला होता, बॅड बनीचा २०२२ चा अल्बम १३ आठवडे, मॉर्गन वॉलनचा २०२३ चा १९ आठवडे. आणि ‘तेव्हाचे वर्षानुवर्षं टिकायचे’ याची गंमत वेगळीच आहे. १९९१ ते २००९ या काळात अमेरिकेच्या मुख्य यादीत जुन्या अल्बमना जागाच नव्हती, त्यांची पंगत वेगळी मांडलेली. जून २००९ मध्ये मायकेल जॅक्सन गेले. त्यांचे जुने अल्बम पहिल्या नंबरावरच्या अल्बमपेक्षा जास्त खपत होते आणि तरीही मुख्य यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्याच वर्षाच्या शेवटी नियम बदलला. आता परिस्थिती उलटी आहे: जुने अल्बम हलतच नाहीत. ‘ॲबा गोल्ड’ या जुन्या गाण्यांच्या संग्रहाने जुलै २०२१ मध्ये ब्रिटनच्या यादीत १,००० आठवडे पूर्ण केले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’चा १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’, ब्रिटनमधला आजवरचा सर्वाधिक खपाचा अल्बम, तोही तिथेच ठाण मांडून. आजच्या यादीबद्दल तक्रार करायचीच तर ही करा, की नव्यांना शिरायला जागा कमी पडतेय.

राहिला शेवटचा मुद्दा, आजचं काही टिकणार नाही. हे आज कोणालाच सांगता येत नाही, १९७६ साली स्लिम व्हिटमन ऐकणाऱ्यांनाही येत नव्हतं. दिसतंय ते एवढं, की २०१८ मध्ये बीटीएसचा कोरियन अल्बम अमेरिकेत पहिल्यांदा पहिल्या नंबरावर गेला, २०२० मध्ये बॅड बनीचा संपूर्ण स्पॅनिश अल्बम, आणि २०२२ च्या वार्षिक यादीत तर पहिला अल्बमच स्पॅनिश होता. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन यादीत हे शोधून सापडत नाही. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की १९७६ ची ब्रिटिश यादी आणि २०२२ ची अमेरिकन यादी ओळीने ऐका, एकही अल्बम न गाळता. जिथे मतभेद होईल तिथे अल्बमचं नाव घेऊन बोलू.