मानांकन मिळाले, पण शेजारी कोण बसणार?

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा टोकियोतल्या आमच्या मराठी मंडळींतही आनंद झाला. आता नक्कल थांबेल, भाव मिळेल आणि कला टिकेल, असा एकूण सूर होता. पहिल्या दोन गोष्टी घडोत. तिसरीबद्दल मला शंका आहे, कारण मानांकनाने नावाचे रक्षण होते, हाताचे नाही.

गेल्या सुट्टीत तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून नाद खुलवून घ्यायला, मी मिरजेला गेलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या कारागिरांनी घोडीवर कानस दोनदाच फिरवली, तार छेडली, मान हलवली आणि पुन्हा कानस उचलली. शेवटी तारेखालचा दोरा किंचित सरकवताच दबलेला खर्ज खुलला. किती घासायचे, असे विचारल्यावर "कान सांगेल तेवढे" एवढेच उत्तर मिळाले. तो कान तयार व्हायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत शिकाऊ मुलाच्या घरचा किराणा कोण भरणार, यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. नव्या पिढीला चिकाटी नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या कारागिरांचा नातू पुण्यात रात्रपाळी करतो. ती काय चिकाटीशिवाय होते?

जपानमध्ये तबकड्या ऐकणाऱ्यांत डेनॉन कंपनीच्या डीएल-१०३ या कार्ट्रिजला, म्हणजे तबकडीवर टेकणाऱ्या सुईच्या छोट्या डबीला, अजून मान आहे. एनएचके या प्रसारण संस्थेच्या गरजेतून १९६० च्या दशकात ते घडले. प्रक्षेपणासाठी प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच वाजणे आवश्यक असल्यामुळे त्याची मापे पक्की ठरली आणि फुकुशिमातल्या शिराकावाच्या कारखान्यात पगारी हात ते आजही जुळवतात. एक माणूस निवृत्त झाला तरी काम अडत नाही. याउलट 'कोएत्सू' नावाची कार्ट्रिज स्वतःच्या हाताने घडवणारे योशिआकी सुगानो २००२ मध्ये गेले. मुलाने काम पुढे चालवले, तरी दर्दी मंडळी वडिलांच्या हातचेच कार्ट्रिज शोधत राहिली.

मिरज या दुसऱ्या वाटेवर आहे. प्रत्येक भोपळा वेगळा, प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी, त्यामुळे जवारी मापात बसवता येणार नाही. शिराकावाकडून घ्यायचा तो पगार: शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून विद्यावेतन, आणि शिकवणाऱ्यालाही शिकवण्याचे वेगळे पैसे.

जवारीसाठी मिरजेच्या त्या कारागिरांनी माझ्याकडून जेवढे घेतले, तेवढ्यात टोकियोत एक वेळचे जेवणही होत नाही. मी घासाघीस केली नाही, याचेच मला तेव्हा कौतुक वाटत होते.