ध्रुवाकडून जाणारं विमान उगाच फेरा मारत नाही

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक नकाशा फिरतोय. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को पट्टीनं मारलेली सरळ रेघ आणि उत्तर ध्रुवाकडे वाकलेली दुसरी. खाली मजकूर: सरळ वाट सोडून विमान कंपन्या हजारो किलोमीटर फिरवतात आणि जादा भाडं उकळतात, जाता-येता वेळ वेगळा लागतो, म्हणजे अंतराचे आकडेही खोटे, आणि पृथ्वी खरंच फिरत असती तर विमान वर नुसतं थांबलं तरी अमेरिका खाली आली असती. मुलांकडे पहिल्यांदाच निघालेले आईवडील हे वाचून धास्तावतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी ती सरळ रेघ. अरबस्तान, सहारा, अटलांटिक असं करत जाणारी ही वाट प्रत्यक्ष पृथ्वीवर मोजली तर सुमारे १९,००० किलोमीटर भरते. वाकडी दिसणारी? सुमारे १३,५००. विषुववृत्ताचा घेर ४०,००० किलोमीटर, ६० अक्षांशावर तो निम्माच उरतो. नकाशावर मात्र विषुववृत्ताची आणि ६० अक्षांशाची रेघ सारख्याच लांबीची काढलेली असते. उत्तरेकडचं सगळं असं ताणलं जातं. म्हणूनच ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका चौदा पट मोठी आहे. नकाशे बनवणाऱ्या मर्केटरनं १५६९ साली नकाशाची ही पद्धत दर्यावर्दींना दिशा धरता यावी म्हणून काढली, अंतर मोजायला नव्हे.

आपल्याच गावावरून बघा. मेक्सिकोतलं आकापुल्को जवळपास कोल्हापूरच्याच अक्षांशावर आहे. नाकासमोर पश्चिमेला गेलं तर साडेअठरा हजार किलोमीटर, ध्रुवाजवळून गेलं तर सव्वासोळा हजारांच्या आत. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन्ही ठिकाणी दोरा ताणून धरा, तो आपोआप उत्तरेकडे सरकतो.

भाड्याचा आरोप तर टिकतच नाही. जादा अंतराचं इंधन कंपनीच्याच खिशातून जातं.

वेळेचं कारण वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ते पाठीशी असले की विमान लवकर पोचतं. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेलं, तरी ते साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोचलं. अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राहिलं पृथ्वीचं फिरणं. कोल्हापूर ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललंय, आणि भोवतीची हवाही बरोबर चाललीय. ती मागं राहिली असती तर पन्हाळ्यावर एक झाड उभं राहिलं नसतं. विमान त्याच हवेत उडतं.

विमानाला खरोखरचा वळसा पडतो, पण वेगळ्या कारणानं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना लांबून जावं लागलं, काहींना इंधनासाठी मध्येच उतरावंही लागलं. म्हणून आईवडिलांचं तिकीट काढताना एकूण तास किती आणि थांबा कुठे, एवढं नक्की विचारा.