मोठ्या उत्साहात संपन्न

यंदाच्या कामवाटपात तुमच्या नावापुढे ‘समन्वयक, प्रसिद्धी व वार्तापत्र समिती’ असं आलं असेल तर खचून जाऊ नका. परीक्षेचं काम मानधनापायी आधीच वाटून झालेलं असतं, आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) ज्येष्ठांकडे असते, सांस्कृतिक विभागाला निदान नाटकं बघायला मिळतात. उरलेली ही समिती बैठकीला उशिरा पोहोचलेल्या माणसाच्या वाट्याला येते. विद्यापीठात काय चाललंय, काय होणार आहे आणि कुणाला काय मिळू शकतं हे सगळ्यांना वेळेत कळवणं, अशी तुमच्या कामाची कागदावर व्याख्या आहे. ती कागदावरच राहू द्या.

पहिलं पथ्य काळाचं. बातमी नेहमी कार्यक्रम झाल्यानंतर द्यावी. आधी दिली तर माणसं येतात. माणसं आली की अल्पोपाहार कमी पडतो, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी एखादा खरोखरच प्रश्न विचारतो. अगदीच आधी कळवणं भाग असेल तर आदल्या रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर टाका, तेही फक्त ॲडमिन लिहू शकतो अशा ग्रुपवर. कार्यक्रम सकाळी दहाला, म्हणजे प्रमुख पाहुणे येतील तेव्हा.

बातमीचं क्रियापद एकच: ‘संपन्न’. कार्यशाळा संपन्न, परिसंवाद संपन्न, वृक्षारोपण संपन्न. गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात लावलेलं रोपसुद्धा संपन्न. त्याच्या आधी ‘मोठ्या उत्साहात’ घालायला विसरू नका. उत्साह नेमका कुणाला होता हे कुणी विचारत नाही.

मग नावं. इथे हयगय नको, नोकरीचा प्रश्न आहे. लग्नपत्रिकेत एखाद्या मामाचं नाव राहिलं तर तो निदान जेवून तरी जातो. इथे प्र-कुलगुरूंचं नाव अधिष्ठात्यांच्या खाली गेलं तर खुलासा मागवला जातो. प्रत्येक नावाआधी ‘मा.’ लावा. ‘मा.’ आणि ‘प्रा. डॉ.’ मिळून नावापेक्षा लांब झाले तरी चालेल. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, प्रास्ताविक, परिचय, सूत्रसंचालन, आभार असं करत शेवटी याल तेव्हा जागा संपलेली असेल. उत्तमच, कारण आता व्याख्यानाबद्दल काही लिहावं लागत नाही. समजा, पाहुण्यांनी कोकणातल्या कातळशिल्पांवर तासभर बोलून रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, कोरलेले मासे, हत्ती, माणसं पडद्यावर दाखवली. ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, हेही सांगितलं. मागच्या रांगेतली भूगोलाची एक मुलगी वहीत भराभर उतरवून घेत होती. यातलं काहीही लिहायचं नाही. ‘मोलाचे मार्गदर्शन केले’ एवढं लिहा. हेच वाक्य पुढच्या आठवड्यात जीएसटीवरच्या व्याख्यानालाही लागतं, तुमचे कष्ट वाचतात.

छायाचित्राशिवाय कार्यक्रम झाला असं धरलं जात नाही. महाविद्यालयांना-विद्यापीठांना दर्जाची श्रेणी देणाऱ्या नॅकची स्थापना १९९४ ची, कार्यालय बंगळुरूला. पण तिचं वास्तव्य तुमच्या मोबाइलमधल्या जिओटॅग कॅमेऱ्यात आहे. हा कॅमेरा फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापतो. दहाच्या उद्घाटनाची समई अकरा चाळीसला पेटली याचा त्यामुळे कायमचा पुरावा राहतो. म्हणून अक्षांश ठेवा, वेळ कापा. एका समईभोवती सात हात दिसले पाहिजेत, तेलाची काळजी शिपाई घेईल. श्रोत्यांचा फोटो पुढच्या सोफ्यांपासून तिसऱ्या रांगेपर्यंतच घ्या, चौथीपासून रिकाम्या खुर्च्या सुरू होतात. खाली ओळ लिहा: ‘विद्यार्थी बहुसंख्येने उपस्थित होते.’

इथवर झाल्या बातम्या. खरं कौशल्य परिपत्रकात आहे, आणि त्यातही शिष्यवृत्तीच्या. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) अर्ज भरायची मुदत, तपासणीची तारीख, त्रुटीत निघालेला अर्ज पुन्हा पाठवायची शेवटची संधी, या तीन गोष्टींवर गावाकडून आलेल्या मुलाची फी आणि खोलीचं भाडं अवलंबून असतं. म्हणून त्या तारखा सहजासहजी दिसू देऊ नका. सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी करा आणि चार संदर्भ क्रमांक द्या. नंतर ‘सोबत जोडलेल्या परिशिष्ट ब मधील तरतुदींच्या अधीन राहून’ असं म्हणून परिशिष्ट ब जोडायचं राहू द्या. मजकूर संगणकावरच टंकलेला असला तरी तो छापा, सही-शिक्का घ्या, मग जरा तिरका ठेवून स्कॅन करा. असं केल्याने कागद शोधूनही सापडत नाही, अंध विद्यार्थ्याचं वाचक-सॉफ्टवेअरही मुकं होतं, आणि ‘आम्ही प्रसिद्ध केलं होतं’ हे म्हणायला आपण मोकळे. युनिकोडच्या फंदात न पडणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये पाठवलंत तर सोन्याहून पिवळं: मोबाइलवर उघडताच विद्यार्थ्याला आपलीच भाषा परकी वाटते.

सुविधांची माहिती देतानाही हात आखडता हवा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार संशोधन नियतकालिकं, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची तरतूद, सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी संस्था. यादीतल्या संस्थेत शिकणाऱ्या एम.एस्सी.च्या पोराला हे लेख फुकट वाचता येतात. हे त्याला कळलं तर तो खरोखर वाचेल, आणि मग गाइडना वाचावं लागेल. ही माहिती ‘ज्ञानस्रोत केंद्र’ (म्हणजे पूर्वीचं ग्रंथालय; पाटी बदलली, पंखे तेच) या पानावर ‘इतर’ मध्ये, त्यात ‘महत्त्वाच्या लिंक्स’ मध्ये, सगळ्यात खाली ठेवा. ग्रंथालयाची मोठी बातमी वर्षातून एकदाच, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी करायची. मुलांच्या हातात पुस्तकं द्या, फोटो काढा, पुस्तकं मोजून परत घ्या.

‘कमवा व शिका’चं तसंच. कर्मवीर भाऊराव पाटलांची ही शिकवण. आज त्या योजनेवर बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासावर काम करून कितीतरी मुलं मेसचा डबा भागवतात. उद्घाटनाची बातमी कर्मवीरांच्या प्रतिमापूजनासह पानभर द्या. अर्ज कुठे मिळतो आणि झालेल्या तासांचे पैसे कधी जमा होतात, हे तपशील स्वावलंबनाच्या भावनेला बाधा आणतात.

तक्रारींचा विषय नाजूक. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही फलकावर लावणं टळत नाही. तेव्हा फलक लावा, पुढे कपाट ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल नेमायचा असतो, आणि समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. लोकपालांच्या नियुक्तीची बातमी पुष्पगुच्छासह जरूर छापा. त्यांचा ईमेल छापलात तर पुष्पगुच्छ देणाऱ्यांना वाईट वाटेल.

निकालाबद्दल काय लिहावं, असा प्रश्न तुम्हाला पडेलच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ म्हणतो की निकाल तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाऊ नये. याचा उल्लेख वार्तापत्रात करणं हा उगाच घरभेदीपणा होईल. निकाल रखडला तर त्या अंकात तंत्रज्ञानावर लेख घ्या. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने एकदम ऑनस्क्रीन मूल्यांकन, म्हणजे उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासणं, आणलं, निकाल महिनोन्‌महिने लांबले, राज्यपालांनी घातलेली ३१ जुलैची मुदतही हुकली, परदेशी प्रवेश घेतलेली मुलं गुणपत्रिकेसाठी हेलपाटे घालत राहिली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. आपल्या पद्धतीने हीच घटना एका ओळीत मावते: ‘डिजिटल मूल्यांकनाच्या दिशेने ऐतिहासिक पाऊल.’ उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहायला मिळते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिला आहे आणि त्याचा अर्ज दहा रुपयांत होतो. पण वार्तापत्रात कायद्याचे विषय घेतले तर अंक रुक्ष होतो.

एवढं सांभाळलंत तरी अधूनमधून एखादा विद्यार्थी थेट तुमच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहील. ‘सर, शिष्यवृत्तीची तारीख गेली का हो? आम्हाला कळलंच नाही.’ त्याला रागावू नका, बसायला सांगा. परिपत्रक फलकावर लावलं होतं हे शांतपणे समजवा आणि फलक कुठे आहे ते विचारलं तर प्रशासकीय इमारतीकडे हात करा. मग त्याला तसाच सोडू नका. परवाच्या राष्ट्रीय परिसंवादाच्या पुढच्या तीन रांगा अजून भरायच्या आहेत. त्याचं नाव लिहून घ्या, चार मित्र आणायला सांगा, सहभागाचं प्रमाणपत्र नक्की मिळेल म्हणून शब्द द्या. प्रमाणपत्रावर आडनाव चुकलं तर दुरुस्तीसाठी विहित नमुन्यात अर्ज करावा लागेल. नमुना परिशिष्ट ब मध्ये आहे.