चौदा टक्के आणि चंदनाची उदबत्ती

बिअरचा ग्लास नाकाशी धरून कुणी "काय जाणवतंय?" असं विचारलं, तर "बिअर" हे उत्तर धरत नाहीत. जर्दाळू, चामडं, तंबाखू, जुनं लाकूड यांतलं काहीतरी सांगावं लागतं. ही परीक्षा आमच्या पाचपाखाडीच्या घरात झाली. परीक्षक आमचे धाकटे दीर. परीक्षार्थी मी, माझा नवरा आणि जाऊबाई. सासूबाई आतल्या खोलीत, म्हणजे एक्स्टर्नल.

भाऊजी ऐरोलीला आयटीत आहेत. मागे कधीतरी ऑफिसच्या कामाला शिकागोला गेले होते. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर दारू आणायची सवलत असते. बाकीचे लोक त्या सवलतीत स्कॉच आणतात, मेहुण्यांची तोंडं गोड होतात. यांनी आणल्या बर्बन बॅरल एज्ड इंपीरियल स्टाउटच्या, म्हणजे व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या काळ्या बिअरच्या, दोन बाटल्या, तोंडाला मेण लावलेल्या. वर "ही मुरू द्यायची असते" म्हणून त्या कपाटात गेल्या, जाऊबाईंच्या पैठण्यांमागे. उन्हाळ्यात बेडरूमचा एसी त्या बाटल्यांसाठी चालायचा असं जाऊबाईंचं म्हणणं. स्वतःसाठी चालायचा असं भाऊजींचं. लाइटबिल दोघांनी मिळून भरलं.

शेवटी मे महिन्यातल्या एका शनिवारचा मुहूर्त निघाला. आदल्या दिवशी फोन आला, "वहिनी, उद्या घरात लसूण-बिसूण काही नको. नाक मरतं." मी तोवर कोथिंबीर वड्यांचे उंडे वाफवून फ्रीजमध्ये ठेवले होते, भरपूर लसूण घालून. बिअर म्हटल्यावर माणूस आधी चखण्याचाच विचार करणार ना? भाऊजी स्वतःचा चखणा घेऊन आले: बिनमिठाची बिस्किटं आणि सत्तर टक्के कोकोचं चॉकलेट. माझ्या नवऱ्याने त्या चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला, आणि तो चावावा की गिळावा की सरळ जाऊन थुंकावा याचा निर्णय घ्यायला त्याला बराच वेळ लागला.

पण बाटली लगेच उघडायची नव्हती. ही बिअर बर्फगार प्यायची नसते, गारठ्यात तिचे वास झोपून राहतात. बारा-तेरा अंश हवेत. फ्रीजमध्ये चार अंश, बाहेर ठाण्याचा मे महिना, आणि ऐरोलीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळे बाटली आली तीच कोमट. मग ती फ्रीजमध्ये गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. "थर्मामीटर आहे का हो घरात?" होता, तापाचा. तो पस्तिसाच्या खाली काही दाखवतच नाही. बाटलीला ताप नाही, एवढं मात्र खात्रीने कळलं.

या वेळात भाऊजींनी पार्श्वभूमी दिली. अठराव्या शतकात लंडनचे बिअरवाले रशियाच्या दरबाराला, म्हणजे कॅथरीन राणीच्या काळात, दणकट काळी बिअर पाठवायचे. म्हणून इंपीरियल. साधी बिअर पाच टक्क्यांच्या आसपास, ही चौदा. काळेपणा येतो जळत आलेल्या सातूचा, कॉफीच्या बियांसारखे भाजतात म्हणे. इथवर ठीक होतं. मग पिंपाची गोष्ट निघाली. अमेरिकेत व्हिस्कीला बर्बन म्हणवून घ्यायचं तर धान्यात निदान ५१ टक्के मका हवा, आणि ती मुरवायची आतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपात. नव्या म्हणजे नव्याच. एकदा बर्बन काढली की त्या पिंपात पुन्हा बर्बन भरता येत नाही, तसा कायदाच आहे.

सासूबाई आतून बाहेर आल्या. "केवढं असतं रे पिंप?"

"दोनशे लिटरचं असतं, आई."

"आणि एकदाच वापरून टाकून देतात?"

आमच्या गॅलरीत तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांत तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता आहे. आइस्क्रीमचे डबे फ्रीजरमध्ये आहेत आणि त्यांत आइस्क्रीम कधीच नसतं. या बाईंपुढे तो कायदा मांडायला हिंमत लागते.

"टाकत नाहीत आई, विकतात. स्कॉचवाले घेतात, बिअरवाले घेतात. बिअर त्यात आठ-दहा महिने ठेवतात."

"मग हरकत नाही," असं म्हणून त्या देवापुढे दिवा लावायला गेल्या. अमेरिकन काँग्रेसला हे कळवायला हवं.

लाकडात भिनलेली बर्बन बिअरमध्ये उतरते आणि लाकूड स्वतःही चार गोष्टी देतं. व्हॅनिलाचा वास ओकमधूनच येतो, ओल्या खोबऱ्याचाही. शिकागोच्या गूस आयलंड ब्रूअरीने नव्वदच्या दशकात हा प्रकार गाजवला. आता त्यांची ही बिअर दरवर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी येते आणि लोक थंडीत पहाटेपासून रांगा लावतात. थंडीत रांग लावून मिळालेली वस्तू वाईट आहे असं कोण म्हणेल? माझा मुद्दा एवढाच की, चव बरीचशी रांगेतच ठरत असावी. आम्हाला रांगेची सोय नव्हती. आम्हाला सगळं ग्लासातच शोधायचं होतं.

बाटली उघडली. अर्धा लिटर, चौघांत. फुगीर पोटाच्या ग्लासांत तळाशी चार घोट, वर खाकी फेस. प्रत्येकाला एक कागद मिळाला: रूप, गंध, चव, तोंडातला फील, एकंदर. नवऱ्याने कागद पाहिल्यावर आपसूक माझ्या शेजारी खुर्ची ओढली. दहावीला कसा पास झाला असेल याचा मला अंदाज आला.

"रूप" मध्ये सगळ्यांनी "काळं" लिहिलं. "गंध" पाशी गाडी अडली. मी हुंगलं. कोको होता, काकवी होती, मागून नाक चुरचुरवणारी दारू होती. मी तसं लिहिलं. नवऱ्याने खूप वेळ हुंगलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "चंदन."

भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. "चंदन! दादा, हे मी कुठेच वाचलेलं नाही!" त्यांनी स्वतः हुंगलं, पुन्हा हुंगलं. "आहे. शेवटी शेवटी आहे. ओकमधून येत असणार."

देवघराचं दार उघडं होतं. आईंची संध्याकाळची उदबत्ती तिथून सरळ आमच्या टेबलाकडे येत होती. मी जाऊबाईंकडे बघितलं, जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. लसणावर बंदी घालणाऱ्या माणसाला उदबत्तीचं कोण सांगणार? आम्ही दोघींनी "चंदन (हलकं)" असं लिहून टाकलं.

चवीला मात्र ती खरंच दांडगी निघाली. आधी गोड, मग भाजका कडवटपणा, आणि गिळल्यावर छातीत ऊब. मनुका म्हणा, खजूर म्हणा. एक घोट पुरे होता आणि कागदावर तीन घोटांची जागा होती. नवरा कुजबुजला, "वडी असती तर बरं झालं असतं गं." मला पहिल्यांदाच त्याचं तज्ज्ञ म्हणून म्हणणं पटलं.

जाऊबाई एवढा वेळ गप्प होत्या. आता म्हणाल्या, "मला एक येतोय वास. सांगू?"

"सांग ना, यात चूक काही नसतं."

"स्टेशनजवळ चायनीजची गाडी असते ना, तिथला. सोया सॉस."

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग फार मोठ्या मनाने त्यांनी सांगितलं की काळी बिअर फार जुनी झाली, किंवा उष्णतेत राहिली, की तिला असा वास सुटतो. थोडा असेल तर मुरल्याचं लक्षण, जास्त असेल तर संपल्याचं.

"हा किती आहे?"

"थोडा," भाऊजी म्हणाले.

"मला तर मंचुरियनच दिसायला लागलंय," जाऊबाई म्हणाल्या. पैठण्यांमागची ती सगळी वर्षं या एका वाक्यात वसूल झाली. लग्नात क्वचितच असा निखळ विजय मिळतो.

तेवढ्यात आई जेवणाआधीचं औषध घ्यायला आल्या. त्यांचं दशमूलारिष्ट. इथे महाराष्ट्रातला एक बारकावा सांगायला हवा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्याकडे दारू प्यायला परवाना लागतो. भाऊजींकडे आजीव परवाना आहे. आमचे सासरे १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे आजीव सभासद होते. पुढच्या पिढीने ही परंपरा अशी चालवली. आईंना मात्र परवाना कुणी विचारत नाही. दशमूलारिष्टात दहा मुळ्यांचा काढा, गूळ, मध, मनुका आणि आंबवायला धायटीची फुलं असतात. महिनाभर झाकून ठेवतात. त्यातही दारू आपोआप तयार होते आणि बाटलीवर तसं छापलेलंही असतं, बारीक अक्षरात, म्हणजे आई वाचणार नाहीत अशा.

आईंनी टेबलावरचा माझा ग्लास उचलला, हुंगला आणि भाऊजींना विचारलं, "कुठल्या वैद्यांचं?"

"आई, ती बिअर आहे."

"असू दे. गूळ जरा जास्त झालाय, आणि जळू दिलाय. पण मनुका चांगल्या दिसतात." मग आपलं दोन चमचे औषध तेवढ्याच पाण्यात घालून त्यांनी प्यायलं, कागद वगैरे न भरता.

भाऊजींनी आमचे कागद गोळा केले, सरासरी काढली आणि बिअरला चांगले गुण मिळाल्याचं जाहीर केलं. चंदनाचा त्यात मोठा वाटा होता. दुसऱ्या बाटलीचा विषय जाऊबाईंनी पुढे सरकूच दिला नाही. पुढच्या खेपेला बेल्जियमची लँबिक आणायचा बेत आहे. ती म्हणे हवेतल्या रानटी यीस्टवर आंबवतात, आणि तिला घोड्याच्या घोंगडीचा वास येतो. तो तसा येणं हा दोष नाही, गुण आहे.

नवऱ्याने विचारलं, "त्याच्याबरोबर कोथिंबीर वडी चालेल का रे?"

भाऊजींनी या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. "घोड्यापुढे लसूण टिकायचा नाही," ते म्हणाले. "करा, वहिनी. आणि आजच्या असतील तर त्याही तळा."