साडूभाऊंचा ज्वालामुखी

‘रविवारी या, फोटो टीव्हीवर लावतोय,’ असा साडूभाऊंचा मेसेज आला, तेव्हा मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असू दे, अशी मी आयुष्यात पहिल्यांदाच प्रार्थना केली. ब्लॉक होता. पण नेमका हार्बरवर.

साडू हे नातं नव्हे, सासुरवाडीने कायमची मांडून ठेवलेली तुलना आहे ती. त्यांनी पार्ल्यात टू बीएचके घेतला, त्याच वर्षी आम्ही मुलुंडला भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांनी वाढवला. आम्ही महाबळेश्वरला गेलो, तर ते सिमल्याला. आम्ही पोटाला चिमटा काढून सिमला गाठलं, तोवर ते सिंगापूर करून आले होते. या खेपेला त्यांनी थेट अटलांटिक महासागरात उडी घेतली. मदेरा नावाचं पोर्तुगालचं बेट आणि त्यावरचं फुंशाल नावाचं शहर. हिने नकाशावर बोटांनी ताणून ताणून ते बेट मोठं केलं आणि म्हणाली, “एवढुस्सं तर आहे. आपण अलिबागला जातो तेही पाण्यापलीकडेच की.” हा तिचा मोठेपणा. तो दादरला गाडी बदलेपर्यंत टिकला.

पार्ल्याला पोचलो तर पडदे ओढलेले, पंखा एकवर आणि समोर पासष्ट इंची टीव्ही. आमचा बत्तीस आहे, हे इथेच सांगून टाकतो, पुढे लागेल. “एकूण किती फोटो आहेत?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं. “निवडून निवडून अकराशे केलेत,” साडूभाऊ म्हणाले.

पहिले तेवीस फोटो विमानाच्या पंखाचे होते. एकच पंख, आणि बाविसाव्यात साडूभाऊंचा अंगठा. पण पंख दाखवण्यामागे कारण होतं. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत त्या बेटाचा विमानतळ बसवलाय. आधी धावपट्टी होती जेमतेम सोळाशे मीटर. सपाट जागा नाहीच, म्हणून शेवटी समुद्राच्या बाजूने सुमारे सत्तर मीटर उंचीचे १८० खांब उभे केले आणि त्यांच्यावर धावपट्टी पुढे ओढली. २००० साली ती २७८१ मीटर झाली. म्हणजे विमान उतरतं ते जवळपास फ्लायओव्हरवर. त्यात वारा आडवा. साडूभाऊंच्या विमानाने तीन घिरट्या घातल्या म्हणे. “तिसऱ्या घिरटीला मी रामरक्षा सुरू केली,” ताई म्हणाल्या. “शेजारच्या पोर्तुगीज बाईने कसली तरी जपमाळ काढली. उतरल्यावर दोघी गळ्यात गळे घालून रडलो.” अकराशे फोटोंत हा एक प्रसंग नव्हता, आणि मला पाहायचा होता तो नेमका हाच.

विमानतळाला २०१७ साली क्रिस्तियानो रोनाल्डोचं नाव दिलं, कारण गडी फुंशालचा. तेव्हा तिथे त्याचा एक पुतळाही बसवला होता. तो इतका भलत्याच माणसासारखा दिसायचा की जगभर हसं झालं आणि पुढच्या वर्षी बदलावा लागला. हे ऐकून मला त्या शहराबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. चौकातल्या पुतळ्याकडे बघत ‘हे नक्की कोण?’ असा वाद घालत आपणही लहानाचे मोठे झालो आहोत.

मग गाव सुरू झालं. डोंगरउतारावर नाट्यगृहासारखी वर वर चढत गेलेली लाल कौलांची घरं, खाली निळाशार समुद्र. खरं सांगतो, सुंदर होतं. पण दुसऱ्याच्या दिवाणखान्यात बसून किती सुंदर म्हणणार? पहिल्या शंभर फोटोंना मी ‘वा’ म्हटलं, पुढच्या शंभरांना ‘अरे वा’, आणि मग शब्द संपल्यावर नुसता श्वास जरा मोठ्याने सोडू लागलो.

फुंशाल हे नाव बडीशेपेवरून आलंय. १४१९-२० च्या सुमारास पोर्तुगीज तिथे उतरले, तेव्हा किनाऱ्यावर रानबडीशेप माजलेली. फुंशू म्हणजे बडीशेप, त्यावरून फुंशाल. इथे हिने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे दरवर्षी सहलीचं बजेट संपतं तेव्हा आम्ही उडप्याकडे जातो आणि शेवटी काय मिळतं, तर बडीशेप.

“आता गंमत बघा,” म्हणून साडूभाऊंनी टोपलीचा व्हिडिओ लावला. डोंगरावर मोंते नावाचं गाव आहे. वर जायला केबल कार, आणि खाली यायला वेताचा कोच. हो, कोचच. लाकडी पट्ट्यांवर ठेवलेला, बिनचाकांचा, बिनब्रेकचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा प्रकार चालू आहे. पांढरे कपडे, डोक्यावर गवती टोपी घातलेली दोन माणसं मागे दोरी धरून तो डांबरी रस्त्यावर ढकलून देतात, आणि ब्रेक म्हणजे त्यांच्या बुटांचे रबरी तळवे. समोरून गाड्या येतायत, हा सर्रर्र खाली चाललाय. पांढरे कपडे, टोपी आणि टोपलीत बसवलेला ऐवज वेळेत पोचवण्याची घाई पाहून मला आपले डबेवालेच आठवले. फरक इतकाच की डब्यात साडूभाऊ होते. व्हिडिओत ते दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते, तेही “आई आई आई” एवढंच. ताईंनी आवाज कमी केला. मी वाढवायला सांगितला.

एवढ्यात अटलांटिकच्या अथांग पाण्यावर, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, त्यांच्या सोसायटीचा मेसेज उगवला: ‘टाकी साफसफाई. उद्या ९ ते १ पाणी येणार नाही. कृपया भरून ठेवावे.’ ताई उठून बादल्या बघायला गेल्या.

साडूभाऊंचं म्हणणं, त्यांना तिथे भाषेचा त्रास झाला नाही. बाजारात शिरले. १९४० सालची मंडई, आत फळांचे ढीग. तिथे त्यांनी बटाट्याकडे बोट दाखवून ‘बटाटा’ म्हटलं, तर बाई म्हणाली, ‘बटाटा’. पाव मागितला, पाव मिळाला. अननसाला अननस. हॉटेलात खोलीची चावी मागितली तर ‘शाव्ह, शाव्ह’ म्हणत चावीच दिली. “म्हणजे आपली भाषा पार तिथवर गेली बघा!” साडूभाऊ अभिमानाने म्हणाले. गेली नाही हो, आली. घमेलं, पगार, लिलाव, नाताळ, तुरुंग, बिजागरी, सगळं पोर्तुगीजांनी इथे उतरवलं, आणि मुंबई मात्र १६६१ च्या तहात राजकन्येच्या आंदणात देऊन मोकळे झाले. आमच्या सासऱ्यांनी आंदणात दोघांनाही सारखाच स्टीलचा डिनर सेट दिला होता, हे उगीच आठवलं.

जेवणाच्या फोटोंपाशी मात्र मी सावरून बसलो. मी मूळचा मालवणकडचा, माशाच्या बाबतीत मला गप्प बसता येत नाही. पडद्यावर ताटलीभर मासा आणि त्याच्यावर, देवाशपथ सांगतो, तळलेलं केळं. ‘एश्पादा’ म्हणतात. त्याआधी मंडईतल्या फळीवर पसरलेला अख्खा मासा दिसला: तलवारीसारखा लांब, कोळशासारखा काळा, डोळे बटाट्याएवढे, दात विचकलेले. मी ओळखला. आपल्या वाकटीच्याच कुळातला. फक्त समुद्रात शेकडो मीटर खोल, अंधारात राहून काळवंडलेला. त्या वाकटीला खोबरेल नाही, तिरफळ नाही, आगळ नाही, आणि वर शिकरण! “चव चांगली होती,” साडूभाऊ म्हणाले. माझा आजा असता तर पानावरून उठला असता.

तेवढ्यात ताईंनी गरम गरम काहीतरी आणून ठेवलं. तिकडची रताळं घातलेली रोटी, बोलू दु काकू, त्यांनी तव्यावर केली होती. लसूण-लोणी लावलेली, छानच होती. “तिकडे तवा नसतो, काळ्या दगडाच्या फरशीवर भाजायची पद्धत होती,” साडूभाऊ सांगू लागले, “ज्वालामुखीचा दगड! सगळं बेटच लाव्ह्याचं आहे. शेवटचा उद्रेक होऊन सहा हजारांवर वर्षं झाली. फुटपाथसुद्धा त्याच काळ्या दगडाचे. राव, ज्वालामुखीवर चालण्याचा अनुभव तुम्हाला सांगून कळणार नाही.”

फोटो क्रमांक सहाशे चाळीस. चार तास होत आले होते. पाय मुंग्यांनी भरलेले. अशा वेळी माणूस बोलू नये ते बोलतो. मी म्हणालो, “त्यात काय? तुम्ही रोज चालताच की. मुंबईसुद्धा ज्वालामुखीच्या दगडाचीच बेटं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तुमच्या पुढच्याच स्टेशनावर, अंधेरीला, गिल्बर्ट हिल आहे. दोनशे फूट उंच सरळसोट काळा खडक.”

खोलीत शांतता. “तुम्ही पाहिलाय?” साडूभाऊंनी विचारलं. आता ‘नाही’ कसं म्हणणार? पंचवीस वर्षं अंधेरीला नोकरी केली, रोज पूर्वेला उतरलो. “म्हणजे काय,” मी म्हणालो. “मग पुढच्या रविवारी दाखवा!”

घरी येताना ही गाडीत एक शब्द बोलली नाही. ठाणे गेल्यावर, म्हणजे गप्पांच्या नादात नव्हे तर डुलकीत मुलुंड मागे पडल्यावर, एवढंच म्हणाली, “पाटा कुठाय आपला?” आईचा पाटा! तोही त्याच काळ्या दगडाचा. शोधला तर वॉशिंग मशीनच्या डाव्या पायाखाली सापडला. मशीन हलतं म्हणून मीच सरकवला होता. साडेसहा कोटी वर्षं थंड झालेला लाव्हा, आठवड्यातून तीनदा स्पिनला गदगदतोय.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला अंधेरी पश्चिम. रिक्षावाल्याला ‘गिल्बर्ट हिल’ म्हटलं, तर त्याने मला विचारलं, “उपर मंदिर जाना है ना?” मी जाणकारासारखी मान हलवली. गल्ल्या अरुंद होत गेल्या. वाळत घातलेले कपडे, पाण्याची पिंपं, एक निवांत बकरी. आणि मग दोन इमारतींच्या फटीतून तो दिसला. खरं सांगू? मीच थबकलो. इमारतींच्या गर्दीत मधोमध, कुणीतरी मूठ आवळून जमिनीतून वर काढावी तसा उभा, काळा, आणि अंगभर वरपासून खालपर्यंत उभ्या पट्ट्या. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला जातात तसे. त्यातून हे कोनाकोनाचे खांब होतात. सगळ्या बाजूंनी दगड खणून नेला, आणि हा एवढा उरला. हे सगळं मी आदल्या रात्री एक वाजेपर्यंत वाचून ठेवलं होतं, आता घडाघडा म्हणून दाखवलं.

म्हणून दाखवलं, ते खाली. वर जायला खडकात पायऱ्या आहेत. पन्नासाव्या पायरीला माझं भूगर्भशास्त्र संपलं, सत्तराव्या पायरीला श्वास. साडूभाऊ मदेराच्या डोंगरांत पाण्याच्या पाटांच्या कडेकडेने रोज बारा-बारा किलोमीटर चालून आलेले. ते टणाटण वर. वरून ओरडले, “राव, मागच्या वेळी पण इतका वेळ लागला होता का?” हिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं, पण नवऱ्याची लाज साडूसमोर काढायची नाही, हे पथ्य ती अजून पाळते.

वर गावदेवीचं देऊळ, चार झाडं, वारा. चारी बाजूंना अंधेरी, निळ्या ताडपत्र्या, टॉवर, क्रेन. ताईंनी देवीला नारळ वाढवला. मी भिंतीला टेकून बसलो, प्रसादाचं खोबरं चघळत. दगड सकाळीच तापायला लागला होता. आणि मला वाटलं, आता साडूभाऊ म्हणणार, ‘ठीक आहे, पण तिकडे जे आहे ना...’ मी वाटच बघत होतो. उत्तरं तयार होती.

साडूभाऊ काहीच म्हणाले नाहीत. ते कठड्याशी उभे राहून फोटो काढत होते. खडकाचे, देवळाच्या कळसाचे, घारीचे, बकरीचे झूम करून, आणि माझे. धापा टाकताना, रुमालाने मानेचा घाम पुसताना, जीभ बाहेर आलेली असताना.

काल मेसेज आला. ‘रविवारी या. गिल्बर्ट हिलचे फोटो टीव्हीवर लावतोय. निवडून निवडून चारशे बारा.’

मी तातडीने रेल्वेचं वेळापत्रक उघडलं. देव आहे. ब्लॉक मध्य रेल्वेवर, तोही मुलुंडपासूनच. आनंदाने तसं कळवलं. दोन निळ्या टिका झाल्या, आणि मग उत्तर आलं: ‘काही हरकत नाही, आम्हीच गाडी घेऊन येतो. तुमचा टीव्ही किती इंची आहे?’